वांग जातो, पुन्हा येतो: पिंपळगावच्या ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३९. दुसऱ्या बाळंतपणात गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आला. त्याला सात वर्षं झाली. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने महिन्याभरात चेहरा स्वच्छ होतो, बंद केली की पंधरा दिवसांत पहिल्यापेक्षा काळा. हल्ली उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. घरची द्राक्षबाग आहे, थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) आणि काढणीला मी मजुरांसोबत असते. मे महिन्यात दिराचं लग्न आहे. लेझर करून घेऊ का? आणि हे लिव्हरमुळे होतं असं सगळे म्हणतात, ते खरं का?"

ताई, शेवटून सुरुवात करते, कारण तो भाग सोपा आहे. लिव्हरमुळे नाही. पोटातल्या उष्णतेमुळे नाही, बाळंतपणात नीट शेक-शेगडी झाली नाही म्हणूनही नाही. थायरॉइडचा आणि वांगाचा संबंध मात्र बऱ्याच जणींमध्ये दिसतो, म्हणून ती एक रक्ततपासणी मी करायला सांगते. लिव्हरच्या तपासण्यांवर वांगासाठी पैसे घालवू नका. लेझरचं उत्तर 'आत्ता नको' असं आहे. का, ते पुढे सांगते.

आधी त्या ट्यूबबद्दल. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण महिन्यात गोरं आणि पंधरा दिवसांत काळं म्हटल्यावर मला ती न बघताही ओळखू येते. अशा ट्यूबमध्ये तीन औषधं असतात. हायड्रोक्विनोन रंग तयार होणं थांबवतं, ट्रेटिनॉइन त्वचेची कात लवकर टाकायला लावतं आणि तिसरं असतं स्टेरॉइड. ही कल्पना वाईट नव्हती. १९७५ साली अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी हे त्रिकूट मांडलं आणि आजही, सौम्य स्टेरॉइड घालून, मोजक्या आठवड्यांसाठी, आम्ही ते वापरतो. घोळ झाला तो आपल्याकडे. आपल्या दुकानांतून जी ट्यूब सर्रास विकली गेली तिच्यात मोमेटासोन हे चांगलंच जोरदार स्टेरॉइड असतं. चेहऱ्याच्या पातळ कातडीवर ते महिनोन्‌महिने लावायचं नसतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडं असलेली मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. काउंटरवर त्याचं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी नाशिकला २४ वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते आणि यातलं माझंही पाप सांगते. काही वर्षांपूर्वी निफाडकडची एक बाई आली. टेबलावर कॅरीबॅग उपडी केली. आत आठ-दहा रिकाम्या ट्यूबा, टूथपेस्टसारख्या खालून गुंडाळत आणलेल्या. त्यांच्याबरोबर एक चिठ्ठी, लॅमिनेट केलेली. अक्षर माझं होतं. तीन वर्षांपूर्वीची तारीख, ट्यूबचं नाव, 'रात्री' आणि शेवटी माझ्या घाईच्या अक्षरात सहा आठवडे. ते 'सहा आठवडे' मलाही लागेना, तर तिला आणि दुकानदाराला कसं लागणार? तिच्या गालांवर लालभडक बारीक शिरांचं जाळं, हनुवटीवर लव वाढलेली, पुरळ, आणि वांग होता तिथेच. "मॅडम, तुमचीच चिठ्ठी आहे, सांभाळून ठेवली," असं ती कौतुकाने म्हणाली. त्या दिवसापासून अशा औषधावर मी बंद करायची तारीख मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिते आणि पेशंटकडून मोठ्याने वाचून घेते.

आता तो जाऊन परत का येतो. कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी सगळ्यांनाच असतात. वांग आलेल्या जागी त्या काही फारशा वाढलेल्या नसतात, चिडलेल्या असतात. जरा ऊन, जरा संप्रेरकांचा धक्का, जरा घासाघीस, की त्या दुप्पट जोमाने रंग ओततात. ही चिडकी वृत्ती बहुतेक वेळा घराण्यातून येते. तुमच्या आईच्या किंवा मावशीच्या गालांवर नीट पाहा. औषधाने साठलेला रंग उतरतो, वृत्ती तशीच राहते. तुमच्या घरी द्राक्षबाग आहे म्हणून सांगणं सोपं जातं. डाऊनीची, म्हणजे वेलीवरच्या त्या बुरशीच्या रोगाची, एक जोरदार फवारणी मारली म्हणून पुढच्या छाटणीनंतर डाऊनी येणार नाही असं घरात कोणी म्हणतं का? ढग दिसले, दव पडायला लागलं, की आधीच औषध घेतात. पान पिवळं पडायची वाट बघत बसत नाहीत. वांगाचंही तसंच आहे. तुमचं आत्तापर्यंत पान पिवळं पडल्यावर फवारणं चालू आहे, आणि तेही चुकीच्या औषधाने.

आपल्या जुन्या वैद्यांनाही हा पाहुणा चांगला माहीत होता. वांग हा शब्द मूळ 'व्यंग'. सुश्रुतसंहितेत त्याची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत केली आहे आणि वर्णन आहे: चेहऱ्यावरचं, न दुखणारं, पातळ, काळपट मंडल. कारणांत राग आणि श्रम सांगितलेत. श्रमांचं मला पटतं, कारण आपल्याकडे बायकांचे श्रम उन्हातच होतात.

उन्हाकडे येऊया, कारण सगळी गोम तिथे आहे. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. म्हणजे मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा सूर्य अगदी डोक्यावरून जातो. जुलैत ढग असतात म्हणून तो दिसत नाही एवढंच, आणि ढगांतूनही वांगाला पुरेल एवढा प्रकाश येतो. पेशंटचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, मी उन्हात जातच नाही." मग मी विचारते, दुचाकीवर? मुलांना सोडायला? गच्चीवर? मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या ओपीडीत वांग उसळलेल्या बायकांची रांग लागते आणि मला कारण विचारावंच लागत नाही, त्यांच्या हातांना कुरडयांच्या चिकाचा वास येत असतो. तीन दिवस गहू भिजवायचे, पहाटे चीक शिजवायचा आणि सोऱ्या घेऊन गच्चीवर जायचं. घालून होईपर्यंत दहा-साडेदहा. मग कावळ्यांवर लक्ष, दुपारी उलटायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या. 'उन्हात जात नाही' म्हणणारी बाई आठवडाभर पांढऱ्या प्लास्टिकवर वाकून बसलेली असते आणि वरून येणारं ऊन त्या प्लास्टिकवरून परत तिच्याच तोंडावर जातं. माझ्या सासूबाईंचं वाळवण मी बंद करू शकलेले नाही, तेव्हा तुम्हालाही बंद करा म्हणणार नाही. घालायचं काम आठच्या आत उरकून राखण पोरांवर सोपवा.

तुमच्या बागेचं वेगळं आहे. बायका म्हणतात, मांडवाखाली तर सावलीच असते. असते, पण थिनिंग करताना तुमचं तोंड कुठे असतं? वर, घडाकडे. हनुवटी उचललेली, आणि पानांच्या फटींतून येणारा सगळा उजेड गालांच्या उंचवट्यावर आणि वरच्या ओठावर. तुमचा वांग नेमका तिथेच आहे, बघा. काढणीनंतरच्या खरड छाटणीत वेल खरडून काढला की मांडवावर पानच नसतं आणि तेव्हा एप्रिलचं ऊन असतं.

सनस्क्रीन लावते असंही सगळ्या सांगतात. मी टेबलावरची ट्यूब पुढे करते आणि म्हणते, रोज लावता तेवढं लावून दाखवा. मटाराच्या दाण्याएवढं घेतात. चेहरा आणि मानेला लागतं तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा ओढल्या तर जेवढं होईल तेवढं. दाण्याएवढं लावलं तर डब्यावर ५० लिहिलेलं असलं तरी संरक्षण त्याच्या जवळपासही मिळत नाही. एसपीएफ म्हणजे डब्यावरचा तो आकडा. एसपीएफ ३० ने कातडी भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० ने ९८ टक्के. म्हणून ५० की १०० यात डोकं घालू नका. किती लावता आणि परत कधी लावता यात घाला. बागेत घाम येतो, तेव्हा दर दोन-अडीच तासांनी ओल्या सुती कापडाने घाम टिपायचा (पुसायचा नाही, टिपायचा) आणि परत लावायचं.

एक गोष्ट मात्र बहुतेक जणींना कुणी सांगितलेली नसते. वांगाला नुसते अतिनील किरण चिडवत नाहीत, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही चिडवतो आणि आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत तो जास्त चिडवतो. साधं पांढरं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं. दुकानात 'टिंटेड' म्हणून मागा आणि पाकिटावर आयर्न ऑक्साइड लिहिलंय का ते वाचून घ्या. मोबाइलच्या उजेडाचं मात्र मनावर घेऊ नका, आकाशाच्या उजेडापुढे तो काहीच नाही. गाडीची काच भाजणारे किरण अडवते पण लांब लहरींचे अतिनील किरण आत सोडते. रोज गाडी चालवणाऱ्यांचा खिडकीकडचा गाल जास्त काळा दिसतो, तो त्यामुळे.

आणि स्कार्फ. नाशिकमध्ये दुचाकीवरच्या निम्म्या बायका डोळे सोडून सगळं गुंडाळून जातात, तरी वांग. तो स्कार्फ बल्बसमोर धरा. पलीकडचा बल्ब दिसला तर ऊनही आत जातंय. गडद रंगाचं, घट्ट विणीचं सुती कापड घ्या आणि करकचून आवळू नका, कारण गालाच्या हाडावर रोज घासणारं कापडही रंग वाढवतं. बागेत रुंद काठाची टोपी आणि तिच्यावरून ओढणी, हे सगळ्यात चांगलं. गावातल्या बायका हसतील. दोन सीझन हसतील, मग त्याही घालतील.

चूल, भट्टी, तासन्‌तास गॅससमोर भाकऱ्या, याच्या धगीनेही वांग भडकतो. स्वयंपाक काही टळत नाही. खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा, उठल्यावर तोंडावर गार पाणी मारा.

आता त्या ट्यूबचं काय करायचं. बंद करायची, पण तयारीने. वर्षानुवर्षं लावून एका रात्रीत सोडली तर चौथ्या-पाचव्या दिवसापासून चेहरा लाल होतो, आग होते, पुरळ उठतं आणि बाई घाबरून परत तीच लावते. त्या चक्रालाच व्यसन म्हणायचं. तुमची कातडी उन्हात भाजल्यासारखी होते म्हणजे तिने इशारा दिलेला आहे. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. कुणाला हळूहळू कमी करत आणावी लागते, कुणाला आग शमवण्यासाठी स्टेरॉइड नसलेलं मलम किंवा काही दिवस गोळ्या द्याव्या लागतात. या दोन-तीन महिन्यांत सौम्य फेसवॉश, साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस. पार्लरचं ब्लीच नाही, स्क्रब नाही, वाफ नाही. वांग या काळात जास्त गडद दिसेल. तो वाढलेला नसेल, झाकण निघालेलं असेल.

कातडी शांत झाली की खरं औषध. तुमच्यासाठी मी बहुधा अॅझेलिक अॅसिडपासून सुरुवात करेन. सावकाश काम करतं, पहिले काही दिवस चुणचुणतं, पण महिनोन्‌महिने लावता येतं आणि गरोदरपणातही चालतं. हायड्रोक्विनोन लागलंच तर स्टेरॉइडशिवाय, फक्त डागावर आणि तीन-चार महिन्यांच्या वर नाही. वर्षानुवर्षं लावणाऱ्यांच्या गालांवर बारीक निळसर-काळे दाणे उठतात, त्याला ओक्रोनोसिस म्हणतात. तो पुसायला माझ्याकडे धड औषध नाही, आणि त्याला वांगच समजून बायका आणखी तेच मलम चोळत राहतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. रोज आरशात बघून काही कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा.

ट्रानेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या तुम्ही ऐकल्या असतीलच. रक्तस्राव थांबवायचं हे औषध, वांगावर ते चालतं हे जपानमध्ये लक्षात आलं. साधारणपणे २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काही महिने, असं आम्ही देतो आणि हट्टी वांगात त्याचा खरंच उपयोग होतो. पण ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला रक्ताच्या गाठी झाल्यात, ज्यांना हृदयविकार किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, त्यांनी ही गोळी घ्यायची नाही. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही एकत्र नको. आणि आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. त्र्यंबकेश्वरची पूजा, गौरी-गणपती, घरचं लग्न, की मेडिकलमधून पाकीट आणलं जातं, त्याला कुणी औषध मानतच नाही. तीही संप्रेरकंच आहेत. त्यांनी वांग उसळू शकतो आणि ट्रानेक्झॅमिक चालू असताना स्वतःच्या मनाने त्या घेणं धोक्याचं आहे. दिराच्या लग्नात ही वेळ येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

जायफळाचं विचारलं नाहीत, तरी विचाराल. सहाणेवर दुधात उगाळून लावलेल्या जायफळाने कुणाचा खोल वांग गेलेला मी पाहिलेला नाही. चुणचुण होऊन काळा वाढलेला पाहिलाय. लिंबू तर नकोच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी रसायनाने पोळावी तशी पोळते आणि तिथे नवा डाग पडतो.

आता लेझर. वांगाचं दुखणं चिडलेल्या पेशींचं, आणि लेझर म्हणजे त्यांना उष्णता आणि इजा. जाणत्या हातात, मंद शक्तीवर, बाकी सगळं जमून आल्यानंतरही हट्टाने उरलेल्या डागासाठी त्याचा विचार होतो, तेव्हाही परत येण्याची शक्यता मी लिहून देते. स्टेरॉइडने पातळ झालेल्या तुमच्या कातडीवर, लग्नाच्या तोंडावर, ऐन उन्हाळ्यात? दोन सिटिंगनंतर उजळ दिसेल, पुढच्या महिन्यात जास्त काळा होईल. काहींना मधूनच पांढरे ठिपके पडतात, ते लवकर भरत नाहीत. पॅकेजचे पैसे आधी भरून मग माझ्याकडे रडत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. लग्नात टिंटेड सनस्क्रीनवर रंग जुळवलेला कन्सीलर लावा. फोटोत काही दिसत नाही, आणि हळदीला भर दुपारी अंगणात बसणार असाल तर मांडवाच्या आतली जागा धरा.

आणि चेहऱ्यावरचं सगळंच काळं वांग नसतं. कपाळाच्या कडेला, कानांपुढे राखाडी-निळसर छटा असेल तर मी आधी केसांच्या डायचं विचारते. काळी मेंदी म्हणून जी मिळते तिच्यातही बहुधा डायमधलंच रसायन असतं. मान आणि कानशिलं मखमलीसारखी जाड, काळी झाली असतील तर साखर आणि वजन तपासायचं. चिकुनगुनियानंतर नाकाच्या शेंड्यावर काळेपणा राहतो, तो काही महिन्यांत आपोआप फिका पडतो. टिकलीच्या जागी डाग असेल तर टिकलीच्या गोंदाचा संशय धरायचा. यांतल्या प्रत्येकाची औषधं वेगळी, आणि दुकानदार सगळ्यांना तीच ट्यूब देतो. वुड्स लॅम्प म्हणून एक जांभळा दिवा असतो. अंधाऱ्या खोलीत तो धरला की वरच्या थरातला वांग ठळक दिसतो, खोल गेलेला तितका दिसत नाही. वरचा लवकर उतरतो. खोल असेल तर मी आधीच सांगते की पूर्ण जाणार नाही, फिका होईल.

काढणी उरकली की या, किंवा जवळच्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तोंडाला काही न लावता जा. घरात उरलेल्या सगळ्या ट्यूबा, सासूबाईंनी दिलेलं तेल, केसांच्या डायचं रिकामं पाकीट, चालू असलेल्या गोळ्या, सगळं एका कॅरीबॅगेत घालून न्या. आणि सात वर्षांपूर्वीचा, बाळंतपणाच्या आधीचा एखादा फोटो.